चेक भाषेच्या पंगतीत
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



बदलीच्या गावी उतरलेल्या मराठी कुटुंबाची तेथील भाषेशी पहिली ओळख भाजीबाजारात होते. पोटाची भाषा आधी येते, पुस्तकाची मागाहून. सरकारी कामानिमित्त काही काळ प्राग नगरीत राहण्याचा योग आला, तेव्हा आम्हांस याचाच पुनःप्रत्यय आला. आपल्यापैकी अनेकांची मुले आज युरोपात जात असतात; म्हणून चेक भाषेत अन्नपाणी कसे मागावे, एवढाच विषय आज आम्ही घेतला आहे.

चेक भाषेची लिपी रोमन असली तरी उच्चार इंग्रजी नव्हेत. आपण जिला ‘जावा’ म्हणतो ती मोटारसायकल मायदेशी ‘यावा’ आहे. होकारार्थी ‘आनो’ या शब्दाचे बोलण्यात नुसते ‘नो’ होते. तो नकार समजून कोणी उपाशी उठू नये!

आत शिरताच ‘दोब्री देन’ म्हणून अभिवादन करावे. वाढप्यास ‘पाने वृख्नी’ अशी हाक मारण्याची जुनी रीत आहे. ‘पान’ म्हणजे महाशय. हाक मारताना त्याचे ‘पाने’ होते, जसे आपल्याकडे ‘देव’चे ‘देवा’. खाद्यपदार्थांची यादी हवी असल्यास ‘यीदेल्नी लीस्तेक, प्रोसीम’ म्हणावे. ‘प्रोसीम’ म्हणजे ‘कृपा करून’. हा एकच शब्द मागताना, देताना आणि आभारांना उत्तर देतानाही चालतो.

पदार्थ मागण्यासाठी ‘दाम सि’, म्हणजे ‘घेईन’, एवढे पुरते. ‘दाम सि चाय’ म्हटले की चहा येतो; तो सहसा कोरा असतो. दूध हवे तर ‘स म्लेकेम’, म्हणजे ‘दुधासह’, हे जोडावे. पाणी म्हणजे ‘वोदा’. हा शब्द आपल्या ‘उदका’चाच दूरचा आप्त. मात्र मागताना त्याचे ‘वोदु’ होते, कारण तेथे नामाला सात विभक्ती आहेत. लगेच प्रश्न येतो, ‘पेर्लिवा’ की ‘नेपेर्लिवा’? पहिले वायुमिश्रित, दुसरे साधे. नकाराचा ‘ने’ आपल्या ‘न’चा भाऊ आहे.

त्या देशाचे प्रसिद्ध पेय म्हणजे ‘पिवो’, अर्थात बिअर. ‘पिबति’ या संस्कृत रूपाशी त्याचे नाते आहे. एक असेल तर ‘पिवो’, दोन ते चार ‘पिवा’, आणि पाचापासून पुढे ‘पिव’, हे षष्ठीचे अनेकवचन! वाढपी प्रत्येक पेल्यामागे टेबलावरील चिठ्ठीवर एक रेघ ओढतो, त्यामुळे व्याकरण चुकले तरी हिशेब चुकत नाही. ज्यांस हे पेय वर्ज्य आहे, त्यांनी गणती पाण्यावर गिरवावी.

शाकाहारी मंडळींची परीक्षा येथेच असते. तेथील जेवण मांसप्रधान आहे. ‘मासो’ म्हणजे मांस. ‘बेझ मासा’, मांसाविना, हे दोन शब्द पाठ असावेत. यादीत ‘बेझ्मासा यीद्ला’ हे शीर्षक शोधावे. त्याखाली पाव-चुऱ्यात घोळून तळलेले चीज, म्हणजे ‘स्माझेनी सीर’, बहुधा सापडते. कणकेच्या गोळ्यात फळ भरून उकडलेले ‘ओवोत्स्ने क्नेद्लीकी’ पाहून तर मोदकांची आठवण व्हावी. तेथे ते मुख्य जेवण म्हणूनही खातात. रश्शाविषयी मात्र विचारून घ्यावे. भाजीच्या रश्शातही मांसाचे पाणी असू शकते.

जेवणापूर्वी ‘दोब्रोउ खुत्य’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘उत्तम रुची’. आपल्या पंगतीतील ‘सावकाश होऊ द्या’ याच्याच जातीचा हा शिष्टाचार. शेवटी एकट्याने ‘झाप्लातीम’, अनेकांनी ‘झाप्लातीमे’ म्हणावे. ‘पैसे देतो’ आणि ‘देतो आम्ही’ हा भेद क्रियापदातच आहे.

प्रागमध्ये इंग्रजीवर निभावते, हे खरे. परंतु आमच्या मोडक्यातोडक्या चेक वाक्यानंतर वाढप्याच्या मुद्रेवर जो आपलेपणा उमटे, तो इंग्रजीने कधी उमटला नाही. इतकी वर्षे परप्रांतात काढलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको. जो यजमानाच्या भाषेत अन्न मागतो तो नुसते गिऱ्हाईक राहत नाही, अतिथी होतो. आपल्या मुलांनी घरी मराठीत जेवण मागावे आणि बाहेर ज्या देशी जातील त्या देशीच्या बोलीत. एकीने दुसरीस बाध येत नाही.