माणसाजोगा पाय

दांत पडला तर नवा बसवितां येतो, दृष्टि मंद झाली तर चष्मा मिळतो, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. पाय गेला म्हणजे मात्र घरावर आकाश कोसळतें. कालपर्यंत जो घरचा कर्ता होता त्याला सर्व कांहीं जागेवर आणून देण्यांत येतें, आणि यालाच घरचीं माणसें माया समजतात. वस्तुतः शस्त्रवैद्याचें काम संपतें तेथेंच दुसरें एक काम सुरू होतें. तें म्हणजे त्या माणसाला पुन्हा उभें करणें, चालविणें आणि आपल्या उद्योगाला लावणें. या दुसऱ्या कामाला पहिल्याइतकीच बुद्धि लागते आणि पुष्कळ वेळां त्याहून अधिक काळ लागतो.

कृत्रिम पायाची कल्पना फार जुनी आहे. युद्धांत पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनीं धातूची जंघा दिली, असा उल्लेख ऋग्वेदांत येतो. देवांच्या वैद्यांनीं जें केलें तें मनुष्याच्या आटोक्यांत येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. सोळाव्या शतकांत आंब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें, अवयव कापल्यावर जखम तापलेल्या लोखंडानें डागण्याऐवजीं रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधण्याची रीत पुढें आणली. त्याच पारेनें मांडींतून पाय गेलेल्यांसाठीं गुडघ्यांत वांकणारा आणि उभें राहतांना अडकवून ठेवतां येणारा पाय योजिला. रोग्याला जगविणें आणि त्याला चालविणें हीं दोन्ही कामें त्यानें आपलींच मानलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

युद्धांनीं हातपाय तोडले आणि युद्धांनींच ते घडविण्याच्या शास्त्राला चालना दिली. पहिल्या महायुद्धांत अवयव गमावलेल्या सैनिकांसाठीं लंडनजवळ रोहॅम्प्टन येथें १९१५ सालीं खास रुग्णालय निघालें. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४४ सालीं हिंदी सैनिकांसाठीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्राची स्थापना झाली. सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांनाही या केंद्राचा लाभ मिळत आला आहे.

परंतु पाय बनविणें निराळें आणि तो माणसाला मानवणें निराळें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘सॅच’ नांवाचें कृत्रिम पाऊल तयार झालें. त्याचा घोटा न वांकणारा, आंत लांकडाचा गाभा आणि टाचेला मऊ रबर. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्या व खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तें चांगलें उपयोगी पडलें. भारतांतील शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. तो अनवाणी चिखलांत उतरणार, बांधावरून चालणार, उकिडवा बसून खुरपणार, जेवतांना मांडी घालणार आणि देवळांत शिरतांना वहाणा बाहेर काढून ठेवणार. त्या पावलाला बुटावांचून शोभा नव्हती आणि चिखलपाण्यांत त्याचा टिकाव नव्हता. घोटा वांकत नसल्यामुळें उकिडवें बसणेंही अशक्य होतें. मग रुग्णालयांतून मिळालेला पाय घराच्या कोपऱ्यांत पडून राही आणि त्याचा धनी पुन्हा कुबड्या हातीं घेई.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयांत ही अडचण दोघांच्या मनाला लागली. एक, अस्थिरोगांचे शस्त्रवैद्य डॉक्टर प्रमोद करण सेठी. दुसरे, रुग्णांना हस्तव्यवसाय शिकविणारे कारागीर रामचंद्र शर्मा. शर्मा यांचें शालेय शिक्षण बेताचें होतें, पण हात कसलेल्या कारागिराचा होता. १९६८ च्या सुमारास या दोघांच्या प्रयत्नांतून रबराचें पाऊल सिद्ध झालें. टाचेला व चवड्याला हलकें सच्छिद्र रबर, घोट्याजवळ लांकडाचा ठोकळा, आणि सभोंवार टायरला वापरतात तशा रबराचें आवरण. हें सारें साच्यांत घालून उष्णतेनें एकजीव करावयाचें. त्याला बोटें असतात, रंगही आपल्या कातडीसारखा असतो. तें खाचखळग्यांप्रमाणें लवतें आणि पाण्यानें बिघडत नाहीं. पोटरीचा भाग प्रथम ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करीत, आणि पत्र्याचें काम जाणणारा बाजारांतला कारागीरही तें काम शिकूं शके. पुढें त्या जागीं प्लॅस्टिकची नळी आली. हातघडणीमुळें सर्व नग सारखे उतरत नाहींत आणि वजन कमी व्हावयास हवें, असे आक्षेपही या पायावर घेतले गेले. तथापि ज्याच्यासाठीं तो केला त्याच्या अंगणांत व शेतांत तो चालला, हें त्याचें खरें यश होय. १९७५ सालीं जयपुरास स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनें हा पाय गरजूंना विनामूल्य देण्याचें कार्य देशांत व देशाबाहेरही केलें. डॉक्टर सेठी यांना १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आतां, पाय कितीही उत्तम असला तरी शिक्षणावांचून तो निरुपयोगी आहे. शस्त्रक्रियेनंतर पायाचा उरलेला भाग सुजलेला असतो. पट्टी बांधून त्याची सूज उतरवितात व त्याला आकार आणतात. रोग्याला बरें वाटावें म्हणून गुडघ्याखालीं उशी देण्याची घरोघरची रीत येथें घातक ठरते. सांधा वांकलेल्या स्थितींतच आंखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाहीं. यासाठीं सांधा सरळ ठेवणें, रोज कांहीं वेळ पालथें निजणें आणि कंबरेचे स्नायू बळकट करणें हा अभ्यास आरंभापासून चालवावा लागतो. पुढें प्लॅस्टरचा ठसा घेऊन त्या मापाची खोबण करतात. देहाचा भार या खोबणींतूनच खालीं जातो. ती थोडी सैल वा घट्ट झाली तरी कातडी सोलवटते. उरलेला भाग पहिल्या कांहीं महिन्यांत बारीक होत जातो, म्हणून खोबणही बदलावी लागते. पहिलें पाऊल दोन समांतर दांड्यांना धरून टाकावयाचें. नंतर काठी, नंतर उतार व जिना, आणि शेवटीं पडल्यावर स्वतः उठणें. मांडींतून पाय गेलेल्याला गुडघा शाबूत असलेल्यापेक्षां चालण्यास बरीच अधिक शक्ति खर्चावी लागते, म्हणून साधेल तेव्हां शस्त्रवैद्य गुडघा राखतात.

या अभ्यासाचें फळ मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांच्या उदाहरणांत दिसतें. १९८१ सालीं बसच्या अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला. जयपूरचा पाय लावून त्यांनीं नृत्याचे धडे पुन्हा पहिल्यापासून गिरविले आणि १९८४ सालीं त्या रंगमंचावर परत उभ्या राहिल्या. मधलीं वर्षें अभ्यासाचीं होतीं.

आणखी एका दुःखाची माहिती घरच्यांना असावी. जो पाय कापून टाकला तोच दुखतो, त्याच्या बोटांना खाज सुटते, असें रोगी सांगतो. हा भ्रम किंवा कांगावा नव्हे. अमेरिकन वैद्य सायलस वेअर मिचेल यांनीं १८७१ सालीं या अनुभवाला ‘आभासी अवयव’ या अर्थाचें नांव दिलें. अवयव गेला तरी मेंदूंतील त्याची जागा जात नाहीं. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत एक साधा उपाय पुढें आणला. आरसा अशा रीतीनें ठेवावयाचा कीं, शाबूत अवयवाचें प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागीं दिसावें. कांहीं रोग्यांच्या वेदना यानें कमी होतात. सर्वांच्या होत नाहींत.

पाय जाण्यास रणांगणच हवें असें नाहीं. रस्त्यावरील व रेल्वेचे अपघात आहेतच, शिवाय शहरी घरांत मधुमेह आहे. त्यांत पावलाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि चपलेनें झालेली लहानशी जखमही चिघळत जाते. मधुमेही माणसानें रोज रात्रीं आपलीं पावलें तळव्यासकट पाहावीं, दिसत नसतील तर आरसा घ्यावा. एवढ्या खबरदारीनें पुष्कळ पाय वांचतील.

आणि पाय गेलाच, तर त्या माणसाची पहिली गरज कींव ही नव्हे. २०१६ च्या कायद्यानें ठराविक प्रमाणाबाहेर अपंगत्व असलेल्यांसाठीं सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ४ जागा राखून ठेवल्या आहेत. परंतु कचेरीच्या दारांत चार उंच पायऱ्या असतील आणि घरांत ‘तूं उठूं नकोस’ हाच शब्द दिवसभर कानीं पडत असेल, तर कायदा व कृत्रिम पाय दोन्ही व्यर्थ होत. पायऱ्यांशेजारीं एक उतार बांधावा, न्हाणीघरांत धरावयास एक दांडी बसवावी, आणि उठावयास वेळ लागला तरी त्याचें त्याला उठूं द्यावें. जयपूरच्या कारागिरानें माणसाचें राहणें पाहून पाय घडविला. तो पाय लावून आलेल्या माणसाला घरांत व गांवांत चालावयास जागा करून देणें, एवढें तरी इतरांकडून व्हावें.