नकाशाचे रंग आणि शिरूर-दौंडचा पाऊस
(व्याख्यानाचा मजकूर)



१९२८ साली सिमल्याहून पुण्यास आलेले हवामान कार्यालय जुन्या पुणेकरांच्या तोंडी अद्याप ‘सिमला ऑफिस’च आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या या कार्यालयाने देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकून, १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस चौकोनवार मांडला आहे. त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी उपयोगात आणल्या गेल्या. आपल्याकडे यातील एक चौकोन सुमारे २६ ते २८ किलोमीटर लांबीरुंदीचा भरतो. त्यामुळे शिरूरसारख्या विस्तीर्ण तालुक्याच्या वाट्यालाही असे मोजकेच चौकोन येतात.

हे आकडे रंगीत नकाशात उतरविण्याचे काम संगणक क्षणार्धात करतो. मात्र रंग कोणते व टप्पे किती, हे त्यास सांगितले नाही तर तो ते आपल्या पदरचे ठरवितो. बहुधा सर्वांत कमी व सर्वांत अधिक आकडा घेऊन मधल्या अंतराचे तो समान भाग पाडतो. वरकरणी हा न्याय चोख वाटतो. परंतु लोणावळा आणि शिरूर जवळजवळ एकाच अक्षांशावर, जेमतेम शंभर किलोमीटर अंतरावर आहेत. घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस धरून दहा टप्पे पाडले, तर एकेक टप्पा ४०० मिलिमीटरचा होतो. मग पर्जन्यछायेतील शिरूर-दौंडला एखाद्या वर्षी ४१० मिलिमीटर पडो वा ७५०, नकाशात रंग एकच! शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र एका वर्षी ज्वारीचीही शाश्वती नसते, तर दुसऱ्या वर्षी विहिरी भरलेल्या असतात.

समुद्रावरील वा आकडा नसलेल्या चौकोनात ‘उणे ९९९’ ही खूण घातलेली असते. ती खूण आहे, पाऊस नव्हे, हे संगणकास बजावले नाही तर सारी रंगपट्टी त्या उण्या आकड्याकडे ओढली जाते.

रंगांची निवडही निरुपद्रवी नाही. इंद्रधनुषी पट्टीतील पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि जेथे पावसात मोठा फरक नाही तेथेही सीमारेषा भासते. ‘मॅटप्लॉटलिब’ या प्रचलित संगणक-साधनाने २०१७ साली ही पट्टी मूळ मांडणीतून काढली आणि जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत क्रमाने उजळत जाणारी पट्टी स्वीकारली. हवामान विभागाच्या साप्ताहिक नकाशांत २० ते ५९ टक्के तूट लाल रंगाने, तर ६० ते ९९ टक्के तूट पिवळ्या रंगाने दाखवितात. लाल म्हणजे अधिक वाईट, असे मानणाऱ्या वाचकाची येथे हमखास फसगत होते.

शिरूर-दौंडसाठी पट्टी ० ते ८०० मिलिमीटरची व टप्पे ५० ते १०० मिलिमीटरचे ठेवावेत. घाटातील त्याहून मोठे आकडे खुशाल शेवटच्या रंगात जाऊ द्यावेत. चौकोनांच्या कडाही गुळगुळीत करू नयेत. तसे केल्यास गावागावांतील पाऊस मोजल्याचा आभास होतो. नकाशासोबत सरासरीशी टक्केवारी द्यावी आणि टंचाईच्या बैठकीत तो महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचावा.