आपल्या गावाचं पान

मराठी विकिपीडिया 1 मे 2003पासून सुरू आहे. त्यात लिहायला पदवी लागत नाही. मग वसई तालुक्यातल्या आपल्या वटार गावच्या मुलामुलींनी सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर आहे, जिल्ह्यापासून!

पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014ला. वसई तालुक्यातल्या गावापुढे अजून कुठे ‘ठाणे जिल्हा’ दिसला, तर ‘संपादन’वर टिचकी मारा आणि दुरुस्त करा. पण सरसकट नको हं. वसई-विरार महापालिका 2009 साली स्थापन झाली, तेव्हा आपण ठाण्यातच होतो. जुन्या काळाबद्दलच्या वाक्यात ठाणेच राहू द्यायचं. संपादकाची नजर इथे लागते.

माझी पहिली भर कुणीतरी लगेच उलटवली होती. फार लागलं मला. मग त्या पानाचा ‘इतिहास’ उघडून पाहिला. मी गावाला ‘निसर्गरम्य’ आणि तिथल्या लोकांना ‘प्रेमळ’ म्हटलं होतं, आधार एकाचाही नव्हता. काढणाऱ्याचं बरोबर होतं. आता मी नव्यांना सांगते, आधी ‘धूळपाटी’वर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसवा. तिथे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. अडलं तर ‘चावडी’ या चर्चेच्या पानावर विचारा, जाणती माणसं उत्तर देतात.

आता सुकेळी घ्या. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्या सुक्या पानात बांधायची, हे आपल्याकडच्या आज्यांना तोंडपाठ. पण ‘आजीनं सांगितलं’ हा संदर्भ विकिपीडियावर चालत नाही, कारण तो वाचणाऱ्याला पडताळता येत नाही. मला हा नियम आजही जड जातो. आपलं कितीतरी ज्ञान छापलंच गेलेलं नाही! म्हणून ग्रंथालयात जा. ठाणे जिल्ह्याच्या 1882च्या गॅझेटियरपासून शोधायला लागा, स्थानिक लेखकांची पुस्तकं चाळा. सापडेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक द्या. वर्तमानपत्रातला मजकूर उचलून चिकटवू नका, तो दुसऱ्याच्या हक्काचा असतो.

आणि छापील काहीच हाती लागलं नाही, तर फोटो काढा. स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्यानं देता येतो. आजीला विचारून तिच्या हातांचा काढा, केळं सोलताना, मग पान बांधताना. खाली गाव लिहा, तारीख लिहा, आणि त्या पानाला ती काय म्हणते, तो शब्द तिच्याच उच्चारात लिहा.