विहिरीचा घेर आणि आपला हिशेब
(बारामती-इंदापूर भागातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज भाषण कमी आणि हिशेब जास्त करायचा आहे. बारामती-इंदापूर म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नीरेचा कालवा, उजनीचे पाणी आणि ऊस उभा राहतो. सुप्याकडच्या आणि इंदापूरच्या माळावरच्या माणसाला विचारा. कालव्याची हद्द संपली की उरते ज्वारी आणि आभाळाकडे लागलेली नजर. तिथे आधार विहिरीचा. विहीर गोल, आणि गोलाचे माप आपल्याला येत नाही. तिथेच आपण नागवले जातो.

आमच्याच गावची गोष्ट. २० फूट व्यासाची, ४० फूट खोल विहीर खोदली. खोदाई ब्रासवर ठरलेली; ब्रास म्हणजे १०० घनफूट. ठेकेदाराने वीस गुणिले वीस गुणिले चाळीस केले आणि १६० ब्रास सांगितले. आम्ही माना डोलावल्या, पैसे मोजून दिले. हा हिशेब चौकोनी खड्ड्याचा होता! गोलाचे क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४. व्यास २०, त्रिज्या १०. क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट. त्याला ४० ने गुणले की १२,५६० घनफूट, म्हणजे सव्वाशे ब्रासच्या किंचित वर. चौकोनाचे चार कोपरे कोणी खोदलेच नव्हते, पण त्या ३४ ब्रासचे पैसे आम्ही भरले. ठेकेदाराने लबाडी केली की त्यालाही येत नव्हते, कोण जाणे. भुर्दंड मात्र आमच्याच माथी बसला.

दुसरी खूणगाठ बांधा. व्यास २० ऐवजी २२ फूट धरला तर क्षेत्रफळ ३८० चौरस फूट होते. माप दहा टक्क्यांनी वाढले, खोदाई एकवीस टक्क्यांनी. म्हणून टेप लावताना अंगठ्याएवढीही सूट देऊ नका. विहीर खाली निमुळती होत असेल तर वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी माप घ्या.

आता पाण्याचे. याच विहिरीत एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, सुमारे ८,९०० लिटर. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर दोन इंच पाणी द्यायचे तर ७,२६० घनफूट लागते. म्हणजे विहिरीतले २३ फूट पाणी एका एकराच्या एका पाळीत संपले! झऱ्याने येईल ते वेगळे. पेरणीआधी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, पाणी किती फूट आहे ते बघा, आणि मग ठरवा की किती एकर कपाशी किंवा ज्वारी जगवता येईल. पीक सुकल्यावर केलेला हिशेब कामाचा नाही.

कोणी म्हणेल, हे शहाण्यांचे काम. अहो, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात धान्याच्या राशीचेही गणित आहे. त्यांचा नियम सोपा आहे: घेर गुणिले व्यास भागिले चार. आपल्या विहिरीचा घेर जवळपास ६३ फूट. ६३ गुणिले २० भागिले ४ म्हणजे ३१५. आले की नाही तेच उत्तर?

खळ्यावरच्या राशीचा व्यास मोजता येत नाही, तिच्याभोवती दोरी फिरवता येते. घेराचा सहावा हिस्सा घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग राशीच्या उंचीने गुणा. घेर १८ फूट, उंची २ फूट असेल तर ३ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे १८ घनफूट. एक घनफूट ज्वारी साधारण २० किलो भरते. म्हणजे रास साडेतीन क्विंटलच्या आसपास. हा ठोकताळा आहे, वजनकाटा नव्हे. पण बाजारात काट्यावर दोन क्विंटल भरले, तर जाब कशाचा विचारायचा हे तुम्हाला कळलेले असेल.

भावांनो, भाव मागायचा तर आधी आपले माप आपल्या हातात हवे. आज घरी गेलात की दोरीचे एक टोक पोराच्या हातात द्या, दुसरे आपण धरा, आणि विहिरीचा घेर मोजा. आकडा भिंतीवर लिहून ठेवा. शाळेत पोराने घोकलेले सूत्र त्या दिवशी त्यालाही कळेल आणि आपल्यालाही.