धुळीची तारीख

बंगळूर शहराच्या रस्त्यांवर १९०५ साली विजेचे दिवे लागले. ही वीज कावेरीवरील शिवसमुद्रम येथील केंद्रातून येत असे. परंतु १९०२ मध्ये ते केंद्र सुरू झाले, ते शहरासाठी नव्हे; शहराच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. खाणीमुळे शहराला उजेड मिळाला. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला मात्र मजुरीबरोबर आणखी एक वस्तू मिळत होती आणि तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नव्हती. ती वस्तू म्हणजे धूळ. या धुळीचे मोल कोणी आणि कसे द्यावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

कोलारचे सोने गारगोटीच्या शिरांमध्ये दडलेले होते. गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. यंत्राने तिला भोके पाडली आणि सुरुंग लावले की डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगू लागतात. मोठे कण नाकाघशात अडकतात. अतिसूक्ष्म कण मात्र फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळू पाहणाऱ्या शरीररक्षक पेशी स्वतःच नष्ट होतात आणि त्या जागी वण उरतो. असे असंख्य वण मिळून फुफ्फुस ताठर होते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. कामगाराने काम सोडले तरी रोग वाढू शकतो. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही आणि क्षयाला तो दार उघडून देतो. रोग्याच्या कामाची चौकशी न करता केवळ त्याची छाती तपासली, तर सिलिकोसिसलाच क्षय समजण्याची चूक सहज घडते.

कोलारमधील सात हजारांहून अधिक कामगारांच्या पाहणीत सुमारे ४४ टक्क्यांना हा रोग झाल्याचे १९४७ साली नोंदले गेले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली होती; त्या खोलीची वाखाणणी जगभर झाली. फुफ्फुसात धूळ किती खोल गेली, हे मात्र क्ष-किरणांनी सांगावे लागले.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने व्यावसायिक रोगाला अपघाताच्या पंक्तीत बसविले. ही मोठीच सुधारणा होती. यादीतील रोग आणि त्याला अनुरूप काम सिद्ध झाले की, तो रोग कामामुळेच जडला असे गृहीत धरले जाई. तसे नाही हे दाखविण्याचा भार मालकावर येई. पण या उपमेतच अडचण लपलेली होती. अपघाताला तारीख असते. पाय यंत्रात सापडला, तो अमुक दिवशी. धूळ छातीत साचली, ती कोणत्या दिवशी? मागणी करण्यास मुदत साधारणतः दोन वर्षांची. रोग उघडा पडण्यास दहा-वीस वर्षेही लागतात. पुरेसे कारण असल्यास उशिरा आलेला अर्ज स्वीकारण्याची मुभा आयुक्तांना होती, तथापि हक्क आणि मुभा यांत फार अंतर आहे.

या अडचणीवर उपाय एकच: नोंद. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तो ओळखला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश न्यायालयाने दिला. कागद रोगाइतकाच दीर्घायुषी असावा, हे त्यामागील सूत्र होय.

कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. धूळ मात्र बंद झालेली नाही. बंगळूरच्या नव्या इमारतींत ग्रॅनाइट कोरडाच कापला जातो, तेव्हा उडते ती तीच सिलिका. पाण्याची धार सोडली तर ती बरीचशी जागीच बसते. उपाय इतका साधा आहे. परंतु खाणीला निदान हजेरीपट होता. आज एका मजल्यावर, उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराला मालक कोण, हेच सिद्ध करता येत नाही. राजस्थानने २०१९ च्या धोरणात रोगाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देण्याची तरतूद केली. तिने आधार मिळाला, पण देणारे सरकार आहे. धूळ उडविणारा नामानिराळाच राहतो.

जुन्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. व्यावसायिक रोगांची यादी तिच्यातही आहे. यादीत रोगाचे नाव असणे आवश्यकच. पण ज्याच्या छातीत तो रोग आहे, त्याचे नाव कोणत्या तरी वहीत असल्याखेरीज ते नाव व्यर्थ होय. नुकसानभरपाईचा आरंभ न्यायालयात होत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी, नाव लिहिले जाते तेथे होतो.