भिंतीआडचें पाणी

सातारा डोंगराच्या कुशींत वसलें आहे आणि सांगली कृष्णेच्या कांठीं. एकीकडे कासच्या तलावाचें पाणी पंचवीस-एक किलोमीटरांवरून, यवतेश्वराच्या अंगानें उतरून शहरांत येतें. दुसरीकडे तें नदींतून उपसून उंच टाकींत चढवावें लागतें. पाण्याच्या स्वभावांत एवढा फरक असला तरी दोन्ही गांवच्या गृहस्थांची एक तक्रार मात्र सारखीच ऐकूं येते. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग ओल धरतो, रंगाचे पोपडे सुटतात, लोणा फुटतो, वैशाखांतहि फरशी पायाला गार लागते. आणि हें पाणी येतें कोठून तें कोणासहि सांगतां येत नाहीं. मग गवंडी येतो, भिंत खरवडतो, सिमेंटचा घट्ट गिलावा करतो आणि मजुरी घेऊन जातो. चार महिने बरे जातात. पुढें तीच ओल गिलाव्याच्या वरच्या कडेपासून वीतभर उंच हजर होते. कारण तिची बाहेर पडण्याची वाट बंद झाली, येण्याची नव्हे.

अशा वेळीं पहिला प्रश्न ‘गळती कोठें आहे’ हा नसून ‘गळती आहे काय’ हा असतो. पाणी लपून राहतें, परंतु हिशेबांतून त्याला सुटतां येत नाहीं. एक लिटराचा तांब्या पांच मिनिटांत भरेल एवढीच बारीक धार समजा. तासाला १२ लिटर, आणि अहोरात्रांत २८८ लिटर. शहरांतील माणसास रोज १३५ लिटर पाणी मिळावें, असा आपल्याकडील पाणीयोजनांचा नेहमींचा हिशेब असतो. म्हणजे ही क्षुल्लक धार दोन माणसांच्या वाट्याचें पाणी पिऊन वर आणखी अठरा लिटर मागते.

हा हिशेब जमिनीखालच्या टाकीवर सहज करतां येतो. रात्रीं निजण्यापूर्वीं टाकींत येणाऱ्या नळाची चावी बंद करावी, मोटार लावूं नये, आणि एक सरळ काठी तळापर्यंत उभी बुडवून पाण्याची खूण कोळशानें काठीवर करावी. पहांटे पुन्हां तीच काठी त्याच जागीं बुडवावी. टाकी दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर पातळी उतरणें म्हणजे ३० लिटर पाणी जाणें होय. रात्रभर पाणी कोणीहि वापरलें नाहीं आणि खूण दोन सेंटिमीटर खालीं आली, तर साठ लिटर पाणी गेलें. आणि तें या टाकीच्या भिंतींतूनच गेलें, कारण दुसरी वाट उघडी नव्हती. गच्चीवरील टाकीची परीक्षा दोन रात्री घ्यावी. पहिल्या रात्रीं खालीं जाणारी चावी उघडी आणि घरांतील सर्व तोट्या बंद. दुसऱ्या रात्रीं ती चावीहि बंद. पहिल्या रात्रीं पाणी उतरलें आणि दुसऱ्या रात्रीं जागच्या जागीं राहिलें, तर टाकी निर्दोष असून दोष घरांतील नळांत आहे. पुष्कळदां तो शौचालयाच्या फ्लश टाकींत निघतो. त्या टाकींत कपड्याची नीळ चिमूटभर टाकून अर्धा तास कोणी साखळी ओढूं नये. भांड्यांत निळी रेघ उतरली कीं चोर सांपडला. भिंत फोडण्यापूर्वीं ही एक चिमूट नीळ खर्च करण्यास कांहींच हरकत नाहीं, परंतु आपल्याकडे आधीं छिन्नी-हातोडा निघतो व मग बुद्धि निघते.

राहिला रस्त्यापासून टाकीपर्यंतचा नळ. जेथें पाणी दिवसांतून तास-दोन तासच येतें तेथें हा नळ एरवीं रिकामा पडलेला असतो आणि त्याची गळतीहि तेवढ्या वेळापुरतीच चालते. म्हणून त्याची तपासणी पाण्याच्या वेळींच झाली पाहिजे. टाकीच्या तोंडाशीं असलेली चावी बंद करावी आणि मीटरकडे पाहावें. येथें एक फसगत संभवते. पाणी येण्याआधीं नळांतील वारा पुढें ढकलला जातो आणि त्या वाऱ्यानेंहि मीटर गरगर फिरतें. म्हणून आधीं चावी उघडी ठेवून सारा वारा जाऊं द्यावा, धार एकसारखी झाली कीं मग ती बंद करावी. त्यानंतरहि मीटरचा बारीक कांटा सरकत राहिला तर मीटर आणि टाकी यांच्या दरम्यान कोठें तरी पाणी जमिनींत जात आहे, यांत शंका नाहीं.

या बाजूची गळती लिटरांनीं मोजली तर लहान असते. तासाभरांत बारा लिटर गेले तर त्याचें कोणास काय वाटणार? परंतु धोक्याच्या दृष्टीनें हीच मोठी. नळांत दाब असतो तोंवर छिद्रांतून पाणी बाहेर जातें. पाणी बंद होऊन नळ रिता होऊं लागला कीं तेंच छिद्र बाहेरचें पाणी आंत ओढतें. शेजारून गटार किंवा मैलापाण्याचा नळ जात असेल तर आंत काय येत असेल हें निराळें सांगावयास नको. दुसऱ्या दिवशीं पहिली धार गढूळ येते, तिला वास येतो, आणि घरांतील माणसें ‘आज पाणी जरा असेंच आहे’ म्हणून तें सोडून देतात. सांगलीपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजींत २०१२ सालीं काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यांतूनच पसरली. ज्या घरांत पहिली धार वारंवार गढूळ येते त्या घरानें भिंत कोरडी आहे म्हणून निर्धास्त राहूं नये, आणि नळ दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळल्यावांचून पिऊं नये.

गळती आहे हें ठरल्यावर जागेचा शोध लागतो, आणि येथें सातारा व सांगली यांचे मार्ग वेगळे होतात.

साताऱ्यांत, विशेषतः अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवरील पेठांत, वर मुरूम आणि खालीं काळा पत्थर अशी जमीन आढळते. पाणी मुरुमांतून झरझर उतरतें, पत्थराला लागलें कीं त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेनें चालूं लागतें, आणि जेथें जोत्यासाठीं जमीन कापली असेल तेथें बाहेर येतें. त्यामुळें ओल एका घरीं आणि फुटका नळ वरच्या तिसऱ्या घरीं, असा प्रकार घडतो. खालचा गृहस्थ वरच्यास दोष देतो, वरच्याच्या घरांत तर टिपूसहि दिसत नाहीं, म्हणून तो रागावतो. आणि दोघांचेंहि बोलणें आपापल्या परी खरें असतें. अशा ठिकाणीं भांडणापेक्षां वरच्या घराची चावी दोन दिवस पाण्याच्या वेळीं बंद ठेवून खालची ओल हटते काय हें पाहणें बरें. मात्र ओल सुकण्यास दिवस लागतात, एका सकाळीं निकालाची अपेक्षा करूं नये. उंचसखलपणाचा दुसरा परिणाम दाबावर होतो. पाण्याची उंची चौपट झाली तर त्याच छिद्रांतून जाणारें पाणी सुमारें दुप्पट होतें. टेकडीवरील टाकीपासून बरेंच खालीं असलेल्या घरांत वॉशर लवकर झिजतात आणि सांधे लवकर सुटतात, याचें कारण हेंच.

सांगलीची काळी जमीन निराळी. ती पाणी प्याली कीं फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला भेगा पडतात. या वार्षिक हालचालींत तिच्यांत पुरलेल्या नळाचे सांधे खेंचले जातात. तेथील गळती फार दूर धांवत नाहीं. ओली चिकण माती पाण्याला अडवून धरते. म्हणून खूणहि जवळच सांपडते: एकाच ठिकाणची फरशी उचलली जाते, कालपर्यंत नीट लागणारें दार चौकटींत अडूं लागतें, अंगणांतील सर्व भेगा उघड्या असतां एक पट्टा मात्र मिटलेला राहतो. ऐन मे महिन्यांत असा मिटलेला पट्टा दिसला तर तेथेंच खणावें.

परंतु सांगलीस आणखी एक पेंच आहे. नदीकांठच्या सखल भागांत पावसाळ्यांत जमिनीखालचें पाणीच वर येतें. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनंतर कित्येक घरांच्या भिंती दीर्घकाळ ओल्या राहिल्या. त्यांत नळाचा अपराध नव्हता. खड्ड्यांत सांचलेलें पाणी नळाचें कीं भूमीचें हें ओळखण्यास एक सोपी परीक्षा आहे. शहराच्या पाण्यांत क्लोरीन घातलेलें असतें, आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ज्या ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकून तें तपासतात त्यानें क्लोरीन असलेलें पाणी पिवळें होतें. पिवळेपणा आला तर पाणी नळाचें, हें निश्चित. न आला तर मात्र उलट निष्कर्ष काढूं नये. मातींतून जातांना क्लोरीन नाहींसें होतें. मग साबणाकडे वळावें. मचूळ भूजलांत साबणाला फेंस धरत नाहीं, नदीच्या पाण्यांत तो चांगला येतो. एकच बाटली अर्धी खड्ड्यांतील पाण्यानें आणि दुसरी अर्धी नळाच्या पाण्यानें भरून, सारखाच साबण घालून हलविली कीं फरक डोळ्यांस दिसतो.

आतां उरला कान. लोखंडी नळांतून फुटलेलें पाणी सूक्ष्म सुस्कारा सोडतें आणि तो आवाज धातूंतून दूरवर जातो. लाकडी दांड्याचें एक टोंक चावीवर व दुसरें कानाशीं धरून पाणीखात्यांतील माणसें तो ऐकतात. घरीं मुसळहि चालेल. वेळ मात्र रस्ता निजलेला असतो तेव्हांची हवी, आणि नळांत पाणी हवें. प्लॅस्टिकच्या नळांत हा आवाज थोड्याच अंतरांत विरून जातो, म्हणून नव्या घरांत कानापेक्षां चाव्यांवर भिस्त ठेवावी: नळाचा निम्मा भाग बंद करून पाहावा, मग त्याचा निम्मा.

हीच युक्ति इंग्लंडांत लिव्हरपूल शहरानें वापरली. तेथेंहि त्या काळीं पाणी ठराविक तासच मिळे. १८७३ च्या सुमारास जॉर्ज डीकन या इंजिनियरानें नासाडी मोजणारें मीटर तयार केलें. तें शहराच्या एकेका भागांत रात्रीं शिरणाऱ्या पाण्याची रेघ कागदावर उमटवी. ज्या भागाची रेघ मध्यरात्रींहि खालीं येत नसे तेथें माणसें दांडे घेऊन ऐकावयास जात. गळत्या बंद झाल्या आणि नवें पाणी न आणतां शहरास अखंड पाणी देतां येऊं लागलें. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडाजवळील मलकापुरानें या शतकांत घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलें, त्याच्या मुळाशीं हाच हिशेब आहे. जुन्यांनाहि ही जाण होती. कात्रजहून पुण्यास पाणी आणतांना वाटेंत उच्छ्वास बांधले, म्हणजे वारा निघे आणि आंतहि पाहतां येई. आजच्या घरांत मात्र नळ सिमेंटमध्यें गाडून त्यावर सुंदर लादी बसवितात, आणि कोणता नळ कोठून गेला याचा कागदहि ठेवीत नाहींत. लादी बसण्यापूर्वीं उघड्या भिंतीचें एक छायाचित्र काढून ठेवलें तर पुढील पिढीची एक भिंत वांचेल.

जागा सांपडल्यावर खड्डा नळाच्या सांध्यापाशीं हातभरच करावा. नळास धक्का बसेल अशी पहार घालूं नये. सांधा बदलला, नवा तुकडा बसला, म्हणून त्याच संध्याकाळीं माती लोटण्याची घाई करूं नये. खड्डा उघडाच ठेवून त्यावर एक फळी टाकावी, पाण्याची एक पाळी जाऊं द्यावी, नवा सांधा कोरड्या फडक्यानें पुसून हात फिरवून पाहावा, आणि त्या रात्रीं कोळशाची काठी पुन्हां एकदां टाकींत उभी करावी.