अंगणातली पावसाची बाग

27 जुलै 2019. उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. असा महापूर अंगणातल्या पावसाच्या बागेनं थांबणार नाही. पण गल्लीत तुंबणारं पाणी नक्की कमी होईल.

हिशेब करा. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, की हजार लिटर पाणी जमतं. ते पन्हाळीतून काँक्रीटवर, तिथून गटारात आणि अंबरनाथ-उल्हासनगरात तर थेट वालधुनी नदीत जातं, वाटेतलं तेल आणि प्लास्टिक घेऊन.

त्याऐवजी पन्हाळीचं तोंड वीतभर खोल, पसरट खळग्याकडे वळवा; हीच पावसाची बाग. खळगा इमारतीच्या पायापासून तीनेक मीटर लांब हवा. माती चिकट असेल तर वाळू आणि शेणखत मिसळा. मधल्या सखल भागात वाळा, वेखंड, लव्हाळा लावा; काठावर तेरडा, निर्गुडी. वाळ्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला खाली वाट देतात. जादा पाण्यासाठी गटाराकडे एक सांडवा ठेवाच. पाणी दिवसभरात मुरायला हवं, म्हणजे डास वाढत नाहीत. मुरत नसेल, तर पुढच्या पावसाआधी खळगा पुन्हा खणून वाळू वाढवा.